बीजांतील गर्भ आपलें कोठार कसें उघडतो

मृगाचा पाऊस लागला म्हणजे मावळ तालुक्यांत, सुदुंबरे व इंद्रायणीच्या खोऱ्यांतील इतर गांवीं, भाताचें बीं वाफ्यांवर टाकण्याची घाई सुरू होते. एकाच कणगींतलें बीं दोन भावांनीं वांटून घेतलें, एकाच आठवड्यांत टाकलें, तरी एकाचा वाफा हिरवागार होतो व दुसऱ्याच्या वाफ्यांत बीं कुजून जातें, असें पुष्कळदां पाहावयास मिळतें. अशा वेळीं ‘बीं खोटें निघालें’ असें म्हणून आपण मोकळे होतों. बीं खरोखरच खोटें असूं शकतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कित्येकदां बीं चांगलें असतें, आणि तें उगवावयास निघाल्यावर त्याच्या पोटांत जो कारभार चालतो त्यांत आपल्याच हातून अडथळा येतो. हा कारभार काय आहे, तो कोणाच्या आज्ञेनें चालतो व कोठें अडतो, हें समजून घेणें शेतकऱ्याच्या हिताचें असल्यामुळें त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाचीं दोन अंगें आहेत. पहिलें अंग अन्नाचें. बीजांत साठविलेलें पिष्ट, तेल किंवा प्रथिन जसेंच्या तसें अंकुराच्या उपयोगीं पडत नाहीं. त्याचे तुकडे व्हावे लागतात, त्या तुकड्यांचे दुसरे पदार्थ बनावे लागतात, व त्यांपैकीं कांहीं जळून शक्ति मिळावी लागते. पायरीपायरीनें होणाऱ्या या फेरफारांस चयापचय म्हणतात, आणि एका पदार्थापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्यांच्या ओळीस चयापचयाची वाट म्हणतां येईल. प्रत्येक पायरीवर काम करणारें जें द्रव्य असतें त्यास विकर म्हणतात. दुसरें अंग आज्ञेचें. कोणतें विकर केव्हां व किती तयार व्हावें, हें जनुकांवर अवलंबून असतें. जनुक म्हणजे पेशीच्या केंद्रांत जपून ठेवलेला, मागील पिढीकडून आलेला लेख. त्या लेखाची नक्कल निघते, ती पेशीच्या कारखान्यांत जाते, व तिच्याबरहुकूम विकर बनतें. या नकलेस शास्त्रज्ञ संदेशवाहक आरएनए म्हणतात. आपण तीस आज्ञापत्र म्हणूं. मूळ लेख प्रत्येक जिवंत पेशींत सगळा असतो. आज्ञापत्रें मात्र वेळ, जागा व परिस्थिति पाहून निघतात. गर्भाच्या कोणत्या भागांत, कोणत्या तासास, कोणतें आज्ञापत्र निघालें, आणि त्याच वेळीं अन्नाच्या कोणत्या वाटेवर वर्दळ वाढली, हें ताडून पाहणें हाच या पाठाचा विषय होय.

दाण्याची रचना

साळीच्या दाण्यावरील तूस हलक्या हातानें काढलें, म्हणजे आंत न सडलेला तांदूळ दिसतो. त्याच्या बुडाशीं, एका बाजूस, एक लहानसा पांढुरका ठिपका असतो. हाच गर्भ. तूस काढलेल्या दाण्याच्या वजनाचा हा अवघा शेंकडा दोन-तीन भाग. पण कोंब, मूळ आणि पुढील सर्व झाड यांचा आरंभ एवढ्यांतच आहे. गिरणींत तांदूळ पांढरा करतांना हा गर्भ कोंड्याबरोबर निघून जातो, म्हणूनच बाजारचा पांढरा तांदूळ पेरला तर उगवत नाहीं.

दाण्याचा बाकीचा बहुतेक भाग पिष्टाचा. या पिष्टाच्या पेशी दाणा पक्व होतांनाच मरून जातात. राहतें तें केवळ साठविलेलें अन्न. मात्र या साठ्याभोंवतीं एक अत्यंत पातळ थर जिवंत असतो. त्यास अ‍ॅल्यूरोन थर म्हणतात. गर्भ व साठा यांच्या मधोमध गर्भाचेंच ढालीसारखें एक पसरट अंग असतें. कोठार मृत, पण कोठाराच्या भिंती व दार जिवंत, अशी ही रचना आहे. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व भाग समजण्यास सोपा जाईल.

कोठार उघडण्याची आज्ञा

मोड आलेल्या जवांत पिष्टाची साखर करणारें कांहीं द्रव्य असतें, हें पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८३३ सालीं दाखविलें, व त्यास डायस्टेज हें नांव दिलें. त्यांतील मुख्य विकरास आज अल्फा-अ‍ॅमिलेज म्हणतात. पुढें १८९० सालीं हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञानें असें विकर दाण्याच्या जिवंत थरांतून बाहेर पडतें, हें दाखविलें. परंतु हा थर तें काम आपणहून करीत नाहीं. गर्भ काढून टाकलेला दाणा भिजवून ठेवला तर त्यांतील पिष्ट बहुतांशीं तसेंच राहतें. अर्थात् गर्भाकडून थरास कांहीं निरोप जात असला पाहिजे.

तो निरोप कोणता, हें भाताच्याच एका रोगाच्या अभ्यासांतून कळलें. या रोगाचीं रोपें शेजारच्या रोपांपेक्षां भराभर उंच, बारीक व फिकट वाढतात, आणि पुढें बहुधा मरतात. जपानी शेतकरी या रोगास ‘बाकानाए’, म्हणजे खुळें रोप, असें म्हणतात. आपल्या देशांतही हा रोग आढळतो. कुरोसावा यानें १९२६ सालीं दाखविलें कीं, एका बुरशीच्या स्रावामुळें रोपें अशीं वाढतात. याबुता यानें १९३५ सालीं त्या द्रव्यास जिबरेलिन हें नांव दिलें. मागाहून असें समजलें कीं, हेंच द्रव्य निरोगी वनस्पतिही अल्प प्रमाणांत स्वतः तयार करतात. तें त्यांचें एक संप्रेरक आहे. १९६० सालीं जपानांत योमो यानें व ऑस्ट्रेलियांत पॅलेग यानें, स्वतंत्रपणें, दाखविलें कीं, गर्भ काढलेल्या जवाच्या दाण्यास जिबरेलिन दिलें तर गर्भ नसतांही पिष्ट विरघळूं लागतें. १९६७ सालीं फिल्नर व व्हार्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें कीं, हें विकर दाण्यांत आधींपासून दडून बसलेलें नसतें. निरोप आल्यावर तें नवें बनविलें जातें.

आतां सर्व क्रम असा लागतो. दाणा पाणी पितो. गर्भ जागा होऊन जिबरेलिन तयार करतो. तें जिवंत थरांत पोहोंचतें. तेथें अ‍ॅमिलेजच्या जनुकाचीं आज्ञापत्रें निघतात. विकर बनून साठ्यांत उतरतें. पिष्टाची साखर होते. आणि ती साखर गर्भाची ढाल शोषून घेऊन कोंबास व मुळास पुरविते. भातांत तर आरंभींचें अ‍ॅमिलेज स्वतः ढालच सोडते, व बाहेरचा थर मागाहून हातभार लावतो. म्हणजे एकच आज्ञा दाण्याच्या दोन भागांत निरनिराळ्या वेळीं निघते.

मावळच्या शेतकऱ्यांस जवळची वाटावी अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. वडगांव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रानें आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरांतून काढलेला ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ सालीं प्रसारित झाला, व आज तो मावळची ओळख बनला आहे. त्याच्या जनकांपैकीं आयआर ८ हा वाण फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ सालीं दिलेला. त्याची ठेंगणी चण ज्या जनुकामुळें आहे, तें जनुक जिबरेलिन बनविण्याच्या वाटेवरील एका पायरीचेंच आहे, असें २००२ सालीं उघड झालें. त्या पायरीवरील विकर बिघडल्यामुळें खोडास जिबरेलिन कमी मिळतें, झाड बुटकें राहतें, आणि खताच्या जोरानें लोळत नाहीं. मग असें बीं उगवतें कसें? तर त्याच कामाचीं दुसरीं जनुकें झाडांत शाबूत असतात, व इतर भागांची गरज तीं भागवितात. वाट एकच असली तरी कोणत्या अंगांत ती कोणत्या जनुकाच्या आज्ञेनें चालते, हें निरनिराळें असूं शकतें.

घरीं करून पाहण्याचा प्रयोग

ज्यांस ही गोष्ट डोळ्यांनीं पाहावयाची असेल त्यांनीं औषध न लावलेल्या गव्हाचे वीस टपोरे दाणे घ्यावे. धारदार पात्यानें प्रत्येकाचे आडवे दोन तुकडे करावे. एका तुकड्यांत गर्भ राहील, दुसऱ्यांत राहणार नाहीं. हे तुकडे दोन निरनिराळ्या बशांत, स्वच्छ ओल्या फडक्यावर ठेवून झांकावे, व फडकें सुकूं देऊं नये. तीन-चार दिवसांनीं तुकडे बोटांनीं दाबून पाहावे. गर्भ असलेल्या तुकड्यांतील अन्न मऊ, दुधाळ व किंचित् गोड झालेलें आढळेल. गर्भ नसलेले तुकडे फुगले तरी आंतून घट्ट राहतील. पाणी दोघांसही सारखेंच मिळालें, कोठार दोघांतही होतें; उणीव होती ती आज्ञेची.

दोन वह्या एकत्र वाचणें

पूर्वी शास्त्रज्ञांस एका वेळीं एकच विकर किंवा एकच जनुक तपासतां येत असे. भाताच्या बारा गुणसूत्रांवरील संपूर्ण लेख वाचून झाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. त्या आंतरराष्ट्रीय कामांत भारताचाही वाटा होता. त्यानंतर गर्भांत एका वेळीं निघालेलीं हजारों आज्ञापत्रें एकदम मोजणें सुलभ झालें. दुसऱ्या बाजूनें, साखरी, आम्लें, अमिनो आम्लें इत्यादि शेंकडों लहान पदार्थही एकाच नमुन्यांत मोजतां येऊं लागले. एक आज्ञेची वही, दुसरी अन्नाची वही. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं भाताचें बीं भिजविल्यापासून ठराविक तासांनीं या दोन्ही वह्या लिहून काढल्या व एकमेकींशीं ताडून पाहिल्या.

अशा तुलनेंतून जें चित्र उभें राहतें तें मोठें बोधप्रद आहे. वाळलेलें बीं हें कोरें नसतें. शेतांत दाणा पक्व होतांना जीं आज्ञापत्रें निघालीं होतीं, त्यांपैकीं पुष्कळ तशींच बांधून ठेवलेलीं असतात. ही कल्पना प्रथम १९६५ सालीं ड्युअर व वॉटर्स यांनीं सरकीवरील प्रयोगांवरून मांडली. पाणी पडतांच गर्भ श्वासोच्छ्वास सुरू करतो, तो याच जुन्या सामुग्रीवर. मग दोन कामें बरोबरीनें चालतात: साठवणीच्या काळांतील जुनीं आज्ञापत्रें मोडून टाकलीं जातात, व वाढीचीं नवीं निघतात. पेशींच्या भिंती सैल करणारीं, प्रथिनें बनविणारीं, शक्ति पुरविणारीं अशीं विकरें क्रमाक्रमानें येतात. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मोठें कोठार खऱ्या अर्थानें उघडतें तें मोड बाहेर आल्यानंतर. तोंवर गर्भ आपल्याच अंगांतील थोडी साखर व तेल यांवर निर्वाह करतो. जुन्या किंवा ओलसर जागीं ठेवलेल्या बियांत ही शिदोरी व ही यंत्रसामुग्री आधींच झिजलेली असते. मग कोठार भरलेलें असूनही दार उघडावयास कोणी उरत नाहीं. टपोरा दिसणारा दाणाही उगवत नाहीं तो यामुळें.

श्वासोच्छ्वासाच्या या वाटेवरील एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्राच्या एका विदुषीच्या नांवाशीं जोडलेला आहे. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांनीं केंब्रिज येथें बटाट्यावर काम करून वनस्पतींतही ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य असल्याचें दाखविलें व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. प्राणवायूच्या साहाय्यानें अन्न जाळून शक्ति मिळविण्याच्या साखळींत हें द्रव्य काम करतें. बैलाच्या स्नायूंत व भाताच्या गर्भांत या कामाची रीत मुळांत एकच आहे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. आज्ञापत्र निघालें म्हणजे काम झालेंच, असें समजूं नये. पाटबंधाऱ्याचा हुकूम निघाला तरी चारी बुजलेली असेल तर पाणी शेतांत पोहोंचत नाहीं, तसेंच हें आहे. आज्ञापत्र असूनही विकर न बनणें, विकर असूनही त्यास कच्चा माल न मिळणें, कच्चा माल असूनही प्राणवायु नसणें, असे प्रकार घडतात. म्हणूनच एका वहीवरून निष्कर्ष काढणें धोक्याचें. दोन्ही जुळल्या तरच गर्भाच्या कारभाराविषयीं खात्रीनें बोलतां येतें.

साखर स्वतःच आज्ञा थांबविते

आतांपर्यंत आपण असें समजलों कीं, आज्ञा वरून येते व अन्नाची वाट तिच्यामागें चालते. परंतु उलट दिशेनेंही हुकमत चालते. तैवानमधील सु-मे यू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं दाखविलें कीं, भाताच्या पेशींस भरपूर साखर दिली तर अ‍ॅमिलेजचीं आज्ञापत्रें निघेनाशीं होतात, आणि साखर संपली कीं पुनः जोरानें निघूं लागतात. भातांत अ‍ॅमिलेजचीं एकाहून अधिक जनुकें आहेत; कांहीं मुख्यत्वें जिबरेलिनच्या निरोपानें चालतात, कांहीं साखरेच्या टंचाईनें. जाणता गृहस्थ माजघरांत धान्य असेपर्यंत कणगी फोडीत नाहीं, तशीच गर्भाची ही काटकसर आहे. वाट व आज्ञा या एकमेकींस बांधलेल्या असून त्यांचें एक चक्र बनतें, ही या विषयांतील मुख्य गोष्ट होय. आणि हें चक्र बिघडण्याचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे वाफ्यांत पाणी तुंबणें.

पाण्याखालील अंकुर

साचलेल्या पाण्याखालीं प्राणवायु फार थोडा पोहोंचतो. प्राणवायु नसला म्हणजे साखर पूर्ण जळत नाहीं. ती आंबण्याच्या वाटेनें जाते व तिचें मद्य बनतें. या वाटेनें त्याच साखरेपासून मिळणारी शक्ति पुष्कळच कमी. म्हणून तेवढ्याच कामास साखर कितीतरी अधिक लागते, व कोठार लवकर आणि मोठ्या प्रमाणांत उघडावें लागतें. गहू व जव यांचा गर्भ येथेंच हरतो. प्राणवायूवांचून त्यांस अ‍ॅमिलेज बनवितां येत नाहीं, व दाणा कुजतो. भात मात्र पाण्याखालींही अ‍ॅमिलेज बनवितो. आंबण्याच्या वाटेवरील विकरांचीं आज्ञापत्रें वाढतात, साखरेच्या टंचाईवर चालणारें अ‍ॅमिलेजचें जनुक पुढाकार घेतें, आणि गर्भ सर्व बळ एकट्या कोंबाच्या आवरणांत घालतो. तें पांढरें नळीसारखें आवरण पाण्याच्या पृष्ठभागाकडे धांवतें. मूळ व हिरवें पान मागें राहतात. नळी हवेस लागली तर रोप वांचतें. त्यापूर्वीं शिदोरी संपली तर मरतें.

सर्व वाण या कामीं सारखे नाहींत. म्यानमारमधील ‘खाओ ह्लान ऑन’ हा देशी वाण पाण्याखालीं उगवण्यांत फार तरबेज आहे. त्याचें रहस्य एका जनुकांत असल्याचें आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं दाखविलें. पेशींत ट्रेहॅलोज नांवाच्या साखरेचें एक फॉस्फेट अत्यल्प प्रमाणांत असतें. ‘साखर पुरेशी आहे’ असें सांगणारी ती जणू मापपट्टी होय. या जनुकाचें विकर तें फॉस्फेट मोडून टाकतें. त्यामुळें गर्भास साखर कमी आहे असेंच वाटत राहतें, कोठार उघडें राहतें, व कोंबाच्या नळीस अन्न मिळत जातें. आयआर ६४ या प्रसिद्ध वाणांत हें जनुक मुळींच नाहीं. मजुरांच्या टंचाईमुळें जे शेतकरी लावणी टाळून थेट पेरणीकडे वळत आहेत, त्यांच्या दृष्टीनें अशा संशोधनाचें मोल मोठें आहे. कारण पेरल्याबरोबर मुसळधार पाऊस लागला तर सारें बीं पाण्याखालीं सांपडतें.

तेलबियांची वाट

सुदुंबरे हें गांव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळें महाराष्ट्रास ठाऊक आहे. तुकाराम महाराजांचे ते टाळकरी, व व्यवसायानें तेली. घाण्यांतून निघणारें तेल वस्तुतः कोणासाठीं सांठविलेलें असतें, हा प्रश्न या ठिकाणीं सहज सुचतो. तें त्या बीजांतील गर्भाचें अन्न होय. भुईमूग, करडई, कारळे, तीळ, एरंड यांचें मुख्य कोठार पिष्टाचें नसून तेलाचें आहे. परंतु वाढत्या कोंबास हवी असते साखर. मग तेलाची साखर होते कशी?

मनुष्य व जनावरें यांस चरबीच्या आम्लांपासून साखरेचा असा साठा करतां येत नाहीं. बियांस तें साधतें, कारण त्यांच्यांत एक जास्तीची वाट आहे. कॉर्नबर्ग व क्रेब्ज यांनीं १९५७ सालीं ती जंतूंत शोधून काढली, आणि त्याच वर्षीं कॉर्नबर्ग व बीव्हर्स यांनीं ती एरंडीच्या उगवत्या बियांत दाखविली. तीस ग्लायोक्सिलेट चक्र म्हणतात. हें काम पेशींतील ज्या सूक्ष्म कोठड्यांत चालतें त्या १९६७ सालीं ब्राइडेनबाख व बीव्हर्स यांनीं वेगळ्या काढल्या. या वाटेवर दोन विकरें खास आहेत. त्यांचीं आज्ञापत्रें बीं भिजून उगवूं लागल्यावर भराभर वाढतात, आणि दलें हिरवीं होऊन सूर्यप्रकाशांत स्वतः अन्न करूं लागलीं कीं ओसरतात. काकडीच्या पेशींवरील प्रयोगांत १९९४ सालीं असेंही दिसून आलें कीं, साखर मिळाली म्हणजे हीं आज्ञापत्रें थांबतात. भातांत पाहिलेला नियम येथेंही लागू पडतो. पदार्थ निराळे, काटकसर तीच.

शेतकऱ्यास यांतून एक व्यवहाराची गोष्ट मिळते. तेलाची साखर करण्यास प्राणवायु पुष्कळ लागतो. म्हणून तेलबिया खोल पेरल्या, किंवा पेरणीनंतर जमीन चिकट होऊन वर खपली धरली, तर त्या लवकर गुदमरतात. भातास जें सोसतें तें भुईमुगास सोसत नाहीं, याचें एक कारण त्यांच्या कोठारांतील मालाच्या फरकांत आहे.

लोंबींतच मोड येणें

कापणीच्या सुमारास परतीचा पाऊस लांबला म्हणजे उभ्या किंवा कापून पसरलेल्या भाताच्या लोंब्यांतच मोड फुटतात. दाणा पक्व होतांना गर्भांत अ‍ॅब्सिसिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाचा अंमल असतो. तें जिबरेलिनच्या उलट काम करतें व गर्भास निजवून ठेवतें. त्याच काळांत अशीं प्रथिनें बनविण्याचीं आज्ञापत्रें निघतात, जीं सुकण्यांत पेशीस जपतात. त्यामुळेंच दाणा खडखडीत वाळूनही जिवंत राहतो. ज्या वाणांची झोंप हलकी, त्यांस ऐन वेळीं ओल व ऊब मिळाली तर आज्ञा उलटते, कोठार उघडतें, व पिष्ट विरघळूं लागतें.

मोड एकदां बाहेर आला कीं सुकण्यांत जपणारीं तीं प्रथिनें नाहींशीं होऊं लागतात, आणि त्यांचीं आज्ञापत्रें बंद झालेलीं असतात. असा दाणा पुनः वाळविला तर गर्भ मरतो. वरून तूस सांवरलेलें दिसतें, वजनही फारसें घटत नाहीं, पण तें बीं राहत नाहीं. याच्या उलट, मोड फुटण्यापूर्वीं थोडा वेळ भिजून लगेच सुकलेला दाणा बहुधा वांचतो. परतीची वाट कोठपर्यंत मोकळी आहे, याची ही खूण होय.

शेतकऱ्यानें काय करावें

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निघतात. यांतील कांहीं आपल्या बंधूंस परंपरेनें ठाऊकही आहेत, परंतु त्यांमागील कारण कळलें म्हणजे त्या अधिक काळजीनें होतात.

(१) रोहिणी नक्षत्राच्या आधींच उगवणशक्ति पाहावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, ओल राखावी, व आठवड्यानें मोड आलेले दाणे मोजावे. प्रमाणित भातबियाण्यास शेंकडा ८० उगवण आवश्यक धरतात. त्याहून कमी भरल्यास तें बीं बदलणेंच बरें.

(२) दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं ओतावें व ढवळावें. तरंगणारें पोचट बीं काढून टाकावें. त्याचें कोठार अपुरें असतें. तळाचें बीं स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावें. मीठ राहिलें तर तेंच गर्भास बाधतें.

(३) मोड आणून टाकण्याच्या रहू पद्धतीनें काम करावयाचें असेल तर बीं सुमारें एक दिवस भिजवावें, पण तेंच पाणी सारा वेळ ठेवूं नये, मध्यें बदलावें. नंतर पाणी निथळून बीं ओल्या गोणपाटाखालीं दडपावें. या वेळीं गर्भाचा श्वासोच्छ्वास जोरांत असून ढीग तापतो. म्हणून तो अधूनमधून हातानें परतावा. मोड नुकता दिसूं लागला कीं बीं टाकावें. लांब मोड टाकतांना मोडतात, आणि त्यांत खर्ची पडलेलें अन्न वायां जातें.

(४) वाफा गादीसारखा उंच करावा व पाणी काढून देण्याच्या चाऱ्या आधींच ठेवाव्या. भात पाण्याखालीं उगवूं शकतो याचा अर्थ त्यास पाण्याखालीं उगवावें लागावें असा नव्हे. त्या वाटेनें आलेल्या रोपाची शिदोरी अर्धीअधिक खर्च झालेली असते.

(५) तेलबिया भुसभुशीत जमिनींत बेताच्या खोलीवर पेराव्या, व पावसानें खपली धरल्यास ती हलक्या हातानें फोडावी.

(६) बियाण्याचा तुकडा निराळा राखावा, व तो पावसाची उघडीप पाहून आधीं कापावा. भिजलेल्या लोंब्या बियाण्यांत मिसळूं नयेत. मळलेलें बीं उन्हांत पातळ पसरून असें वाळवावें कीं ओलावा शेंकडा १३ हून अधिक राहूं नये, आणि तें जमिनीपासून उंच, कोरड्या जागीं ठेवावें. ओलसर बीं उगवत नसलें तरी जळत असतें. त्याची शिदोरी सांठवणींतच संपते.

बीं टाकण्याचा दिवस आपण ठरवितों, परंतु त्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळी सत्ता त्या शेंकडा दोन-तीन भागाच्या गर्भाकडे असते. त्यास पाणी, हवा व ऊब हीं तिन्ही एकदम व बेतानें मिळालीं, तर तो योग्य वेळीं योग्य आज्ञा काढतो आणि कोठार स्वतःच उघडतो. तेवढी व्यवस्था आपल्या हातीं आहे, व ती करण्यास पैका फारसा लागत नाहीं, लक्ष लागतें.